हजेरीचा रकाना

सोलापूर जिल्ह्यातील बचत गटांच्या महिलांना हिशेब शिकवण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करीत आहे. त्यापूर्वी एका पतसंस्थेत लेखनिक होते, त्यामुळे जमा, नावे, मुद्दल, व्याज, हप्ता हे सगळे हातातले होते. परंतु बाईच्या उद्योगाचा हिशेब नेमका कोठे चुकतो, हे मला कडक भाकरी करणाऱ्या एका बाईंमुळे कळले. त्यांचे नाव लिहीत नाही. गावात सगळ्या त्यांना काकू म्हणतात, तेवढे पुरे.

तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या सभागृहात तीन दिवसांचे शिबिर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटले की कोणा एकीचा खराखुरा धंदा फळ्यावर मांडू या, आणि काकू उठल्या. त्या रोज शंभर भाकरी करीत. पहाटे चारला चूल पेटे, हाताने थापलेली पातळ भाकरी तव्यावर भाजून चुलीच्या कडेला लावून ठेवायची, मंद धगीवर ती पापडासारखी मोडेपर्यंत वाळवायची, आणि दहा वाजता शेवटची भाकरी उतरली की शेजारच्या रिक्षाने माल शहरातल्या दुकानात पाठवायचा. दुकानदार एका भाकरीला पाच रुपये देई, म्हणजे दिवसाला पाचशे. खर्च विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "दळण चाळीस, पिशव्या वीस, रिक्षा चाळीस. शंभर गेले, चारशे ऱ्हायले." सभागृहातल्या बायकांना चारशे रुपये ऐकून बरे वाटले. मलाही वाटले.

मग मी ज्वारीचे विचारले. ज्वारी घरची होती, म्हणून ती खर्चात नव्हती. सरपण त्या स्वतः वेचून आणत, म्हणून तेही नव्हते. शंभर भाकरींना साडेसहा किलो पीठ लागते, आणि त्या महिन्यात ज्वारी पन्नास रुपये किलोने विकली जात होती. म्हणजे ३२५ रुपयांची ज्वारी रोज चुलीवर जात होती. सरपणाचे साठ धरले. फळ्यावर बेरीज झाली ४८५. पाचशेतून ४८५ वजा केले आणि उरले १५ रुपये. पहाटे चार ते सकाळी दहा, सहा तास धगीसमोर बसण्याचे पंधरा रुपये. त्या दिवसांत त्यांच्या शिवारात खुरपणीला गेलेल्या बाईला अडीचशे रुपये हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळत होती.

काकू बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी जवारीच इकत हुते की, ताई. भाकरी फुकटच जात हुती."

या एका वाक्यानंतर मी माझे सगळे शिबिर बदलले. महिलांना उद्योगासाठी प्रशिक्षण द्यावे, त्यांना भांडवल आणि बाजारपेठ मिळवून द्यावी, याबद्दल आज कोणाचेच दुमत नाही. परंतु त्या प्रशिक्षणाची सुरुवात कोठून व्हावी यावर माझे आता ठाम मत झाले आहे. बाईच्या स्वतःच्या वेळेला दाम लावण्यापासून ती व्हायला हवी. तो रकाना वहीत नसेल, तर पुढचे सगळे, कर्जसुद्धा, तिला आणखी तोट्यात नेऊ शकते. शंभराच्या दोनशे भाकरी करण्यासाठी काकूंनी कर्ज काढले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा: पंधराचे तीस झाले असते, कामाचे तास दुप्पट झाले असते आणि हप्ता वर बसला असता.

हा रकाना राहून का जातो, याचे कारण बायकांना हिशेब येत नाही असे अनेकजण समजतात. ते खरे नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो महिला आहेत. त्यांच्यापैकी कोणत्याही बाईला हजार विड्यांचा दर तोंडपाठ असतो, पानात किती तूट आली, कारखान्यात किती विड्या नापास होऊन परत आल्या आणि त्यामुळे आठवड्याचे किती रुपये बुडाले हे ती एका दमात सांगते. दर दुसऱ्याने ठरवलेला असतो तेव्हा आपल्या श्रमाची किंमत तिला पैशापर्यंत ठाऊक असते. तीच बाई स्वतःच्या घरी चटणी कुटू लागली की कुटणे हिशेबात येत नाही, कारण घरी केलेले काम हे कामच नव्हे असे ती आयुष्यभर ऐकत आलेली असते. आपली भाषाही याला हातभार लावते. बाईच्या उद्योगाला आपण जोडधंदा म्हणतो, तो ती 'फावल्या वेळात', 'घरबसल्या' आणि 'हातखर्चासाठी' करते असे म्हणतो; पहाटे चारचा वेळ फावला कसा असू शकतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

ज्या महिला उद्योगांनी महाराष्ट्रात मूळ धरले, त्यांनी हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवलेला दिसतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी उसनवारीच्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली, आणि पहिल्या वर्षाची त्यांची विक्री ६,१९६ रुपये झाली. लिज्जतच्या वाढीबद्दल पुष्कळ लिहिले जाते, मला मात्र तिची रोजची रीत अधिक महत्त्वाची वाटते. सकाळी सदस्य महिला, ज्यांना संस्थेत बहिणी म्हणतात, केंद्रावरून तिंबलेले पीठ तोलून नेतात, घरी पापड लाटतात, दुसऱ्या दिवशी ते तपासून आणि वजन करून परत देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. उडदाचा भाव काय, विक्री कोठे, दुकानदार पैसे कधी देणार, ही काळजी संस्थेची. लाटणाऱ्या हाताची मजुरी आधी निघते आणि नफ्याची वाटणी त्यानंतर होते. ही मांडणी उलटी असती, म्हणजे विक्री होऊन काही उरले तर बहिणींना देऊ असे ठरले असते, तर ती गच्ची काही महिन्यांतच रिकामी झाली असती असे मला वाटते.

गिरणगावातल्या खानावळवाल्यांचे उदाहरणही येथे आठवते. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण करून घालणाऱ्या या महिला किराणा उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर भरीत, आणि महिन्याच्या शेवटी कामगारांकडून मिळालेले पैसे तेथेच जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या माध्यमातून त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडून घेतले. स्वयंपाक त्यांना येत होताच, गिऱ्हाईकही होते. सावकाराच्या व्याजात जाणारी त्यांचीच कमाई त्यांच्या हातात राहावी, एवढीच गरज होती. त्याच वर्षी राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले, ज्याला आपण सगळे 'माविम' म्हणतो. पुढे १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि २०११ पासून 'उमेद' हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले. आज गावात गटाची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, माहीत नसलेली बाई शोधावी लागते. हे यश लहान नाही.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती म्हसवडची गोष्ट, कारण ती हिशेबाची आहे. म्हसवड सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे, आणि हा तालुका कायमचा दुष्काळी. तेथे चेतना सिन्हा यांनी गावातल्या महिलांसह सहकारी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा तो नाकारला गेला, कारण प्रवर्तक सदस्यांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठा उठवला होता. महिलांनी रात्रीचे साक्षरता वर्ग सुरू केले, आणि काही महिन्यांनी त्या स्वतः पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आम्ही निरक्षर राहिलो कारण गावात शाळा नव्हती, पण हिशेब आम्हाला येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ पासून संस्थेने ग्रामीण महिलांसाठी व्यवसायशाळा काढली, आणि जिला तालुक्याला येता येत नाही तिच्यासाठी ती शाळा बसमध्ये थाटून गावोगावी नेली. शाळा बाईच्या दारात गेली पाहिजे, ही गोष्ट किती मूलभूत आहे हे ज्यांना एसटीची दुपारची एकमेव फेरी चुकल्यावर लहान मुलाला घेऊन फाट्यावर बसावे लागते, त्यांनाच कळेल.

आता आपल्याकडची नेहमीची शिबिरे कशी असतात ते सांगते. मी स्वतः अशा अनेक शिबिरांत शिकवले आहे, त्यामुळे ही तक्रार आतून केलेली आहे. एका संस्थेने आमच्या भागात मसाले बनवण्याचे प्रशिक्षण ठेवले होते. तीस बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या घरचे काळे तिखट वेगळे आणि प्रशिक्षकाच्या मसाल्यापेक्षा सरस होते. पाच दिवस त्यांना जे येत होते तेच शिकवले गेले. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली, पाहुण्यांसोबत छायाचित्र निघाले, आणि त्यानंतर त्या तीस जणींपैकी एकीच्याही घरी कोणी फिरकले नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या रचनेत प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची तरतूद आहे, आणि जेथे तो मनापासून होतो तेथे मी चांगले परिणाम पाहिले आहेत. पैसा, मनुष्यबळ आणि लक्ष मात्र बहुतेक ठिकाणी शिबिराच्या दिवसांवर खर्च होते, कारण ते दिवस अहवालात दाखवता येतात. सहाव्या महिन्यात एखाद्या बाईच्या ओट्यावर बसून तिची वही तपासणे अहवालात मावत नाही, आणि माझ्या मते खरे प्रशिक्षण तेच आहे.

काकूंच्या बाबतीत तो पाठपुरावा काय होता ते सांगितले तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. शिबिरानंतर आम्ही ठरवले की भाकरीचा दर आठ रुपये करायचा: ४८५ चा खर्च, अडीचशेची हजेरी आणि तवा, परात, पत्रा यांची थोडी झीज धरली की शंभर भाकरींना साडेसातशे होतात, म्हणजे साडेसात रुपयांच्या खाली विकणे हा तोटा, त्यावर पन्नास पैसे नफा. दुकानदाराने माल घेणे बंद केले. चार दिवस काकूंनी चूल पेटवली नाही, आणि घरातल्यांनी मला बोल लावला, तो मी ऐकून घेतला. मग आम्ही दोघी आणि त्यांची एक मैत्रीण शहरात गेलो, दोन खानावळी आणि एका मिठाईच्या दुकानात नमुना दिला, दहा भाकरींचे पाकीट केले. पहिल्या दोन महिन्यांत सत्तर भाकरींच्या वर मागणी गेली नाही. काकूंना वाटले की धंदा बसला. मी वही उघडली. सत्तर भाकरींचे ५६० रुपये, खर्च रिक्षासह सुमारे ३५२, हातात २०८. शंभर विकून पंधरा आणि सत्तर विकून दोनशे आठ, शिवाय पहाटेची झोप तासभर जास्त. हा आकडा त्यांनी स्वतः तीनदा मोजला. त्या दोन महिन्यांत जर कोणी सोबत नसते तर त्या पाच रुपयांवर परत गेल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

मैत्रिणीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या, म्हणजे स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या सहकारी बँकेच्या, ग्राहक महिलांसोबत रोहिणी पांडे, सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन दिवसांच्या व्यवसाय मार्गदर्शनाला काही महिलांना एकटीने बोलावले आणि काहींना मैत्रिणीसह. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी उद्योगासाठी कर्ज घेण्याचे प्रमाण वाढले, आणि चार महिन्यांनंतर त्यांचा व्यवसाय आणि घरचे उत्पन्न दोन्ही चढे दिसले; एकटीने आलेल्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. ज्या घरांत बायकांच्या बाहेर पडण्यावर अधिक बंधने होती, तेथे मैत्रिणीचा परिणाम जास्त ठळक होता. मी हे वाचले तेव्हा मला आपल्याकडच्या जात्यावरच्या जोडीची आठवण झाली. एकटीने ओढलेले जाते आणि दोघींनी ओढलेले जाते यात किती फरक असतो हे आजीकडून ऐकलेले होते. तेव्हापासून माझ्या वर्गात बाईने जोडीदारीण घेऊन यायचे, असा नियम आहे. दुकानदाराशी दर बोलायला दोघी जातात. एकीचा आवाज खाली गेला तर दुसरी बोलते.

भांडवलाबद्दल एवढेच म्हणेन की रकमेइतकाच वेळही महत्त्वाचा असतो. आमच्याकडची रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा भाव उतरलेला असतो, आणि मंगळवेढ्याची मालदांडी तर त्याच वेळी भरून ठेवावी लागते. ज्यांची शेती नाही अशा भाकरीवाल्या बायका वर्षभर दहा-दहा किलो विकत घेतात आणि दिवाळीच्या आसपास चढ्या भावाने घेतात. मार्चमध्ये हातात वीस हजार असले, तर त्याच बाईचा वर्षाचा फायदा आपोआप वाढतो. बचत गटाला वीस लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देण्याचे बँकांना निर्देश आहेत, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांच्या सदस्यांना २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली गेली; पण प्रस्ताव मार्चमध्ये दिला आणि पैसे ऑगस्टमध्ये आले तर ते ज्वारीला लागत नाहीत, घराच्या पत्र्याला लागतात. मग कर्जाचा विनियोग चुकला म्हणून बाईलाच ऐकावे लागते. दुसऱ्या बाजूला, खासगी कंपन्यांचे आठवडी हप्त्याचे कर्ज दोन दिवसांत दारात येते, म्हणून बायका ते घेतात. त्यांना व्याजाचा दर कळत नाही असे मुळीच नाही. वेळेवर मिळणाऱ्या पैशाची किंमत त्या मोजतात.

कागदपत्रांचा जाच सांगायला बसले तर लेख लांबेल. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना लागत नाही, आणि लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे, या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळे आमच्या गटातल्या एका बाईकडून मध्यस्थाने अडीच हजार रुपये घेतले होते. म्हणून आता वर्गातच मोबाईलवर प्रत्येकीची नोंदणी तिच्याच हाताने करून घेते. त्यांची बोटे अडखळतात, वेळ जातो, पण अर्जावर 'उद्योगाचे मालक' या ओळीत स्वतःचे नाव टंकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी पाहिले आहे. त्या ओळीत मुलाचे किंवा नवऱ्याचे नाव घालू या, असे सुरुवातीला निम्म्या जणी तरी म्हणतात. मी तेथे अडून बसते. बँक खाते, नोंदणी आणि शक्य असेल तर घराच्या उताऱ्यावर नाव, या तिन्ही ठिकाणी ती स्वतः असल्याशिवाय मोठे कर्ज तिच्या नावावर उभे राहत नाही, आणि धंदा चांगला चालू लागला की तो घरातला पुरुष 'सांभाळायला' घेतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात आता तडजोड करीत नाही.

गेल्या महिन्यात काकूंकडे गेले होते. आता त्यांची मागणी रोज दीडशे भाकरींची आहे, दोन चुली पेटतात आणि थापायला सून असते. त्यांनी वही पुढे केली. पहिल्या वर्षी आम्ही पट्टीने आखलेले रकाने तसेच होते: ज्वारी, दळण, सरपण, पिशव्या, रिक्षा, आणि शेवटी 'माझी हजेरी'. दर मात्र बदलला होता, अडीचशेचे तीनशे झाले होते, कारण शिवारातली हजेरी तीनशे झाली होती आणि त्यांनी ते कोणाला न विचारता वहीत उतरवले होते. त्या रकान्याच्या उजवीकडे समासात जागा अपुरी होती, तरी तेथे पेनाने एक वाकडी रेघ ओढून नवा रकाना केलेला होता. त्यावर सुनेचे नाव होते आणि खाली रोजचे तीनशे.